अभिनेत्री-सूत्रसंचालिकेची प्रकट मुलाखत घेताना

ठाण्यात व्याख्यानमाला, दिवाळी पहाट, महिला मंडळांचे वर्धापनदिन अशा निमित्ताने अभिनेत्रींच्या प्रकट मुलाखती सतत होत असतात. पाहुण्या कलावंत सूत्रसंचालिकाही असतील, तर मुलाखतकाराचं काम दुपटीने अवघड होतं. इतरांना बोलतं करण्यात त्यांची वर्षं गेलेली असतात. प्रश्न कुठे चाललाय हे त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं आणि अनेकदा सांगून गुळगुळीत झालेला किस्सा त्या सहज पुढे करतात. हशा होतो, टाळ्या पडतात, नवं काहीच हाती लागत नाही. त्यामुळे सगळा भर कामावर ठेवा. अमुक काम नेमकं कसं केलंत, याला पाठ केलेलं उत्तर नसतं.

तयारी किमान तीन आठवडे आधी सुरू करावी. पहिलं काम जीवनपट. मोठ्या कागदावर चार रकाने आखा: वर्ष, काम, माध्यम, सोबतचे लोक. इंटरनेटवरची वर्षं तशीच उतरवू नका. चित्रपटाचं चित्रीकरण, सेन्सॉर आणि प्रदर्शन यांची वर्षं वेगळी असू शकतात. नाटकाच्या बाबतीत तर हमखास घोळ होतो: शुभारंभाचा प्रयोग एका नटसंचात झालेला असतो आणि पाहुण्या नंतरच्या संचात आलेल्या असतात. वाहिन्यांच्या तारखा पडताळणीला फार उपयोगी पडतात. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, अल्फा टीव्ही मराठी 1999 साली आली आणि पुढे तिचं नाव झी मराठी झालं, ई टीव्ही मराठी 2000 साली आली आणि 2015 साली कलर्स मराठी झाली. कुणी ‘1998 साली अल्फावर’ असं लिहिलं असेल, तर ते वर्ष चूक आहे. जुनी मासिकं आणि दिवाळी अंक पाहायला 1893 साली स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. तिथे एक अख्खी दुपार द्या.

जीवनपट भरला की वळणं दिसू लागतात. पडद्यावरून निवेदनाकडे आणि निवेदनातून पडद्याकडे, दोन्ही दिशांनी लोक गेले आहेत. तबस्सुम 1940च्या दशकात बालकलाकार होत्या, नंतर 1972 ते 1993 त्यांनी दूरदर्शनवर ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मधून कलावंतांना बोलतं केलं. स्मिता पाटील आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत, चित्रपट नंतर आले. आपल्या पाहुण्यांची दिशा कोणती, यावर मुलाखतीचा कणा ठरवा. सगळ्या भूमिका क्रमाने घेत गेलात, तर चाळीस मिनिटं झाली तरी पाहुण्या अजून कॉलेजातच असतील.

‘तुमचा प्रवास कसा सुरू झाला?’ हा प्रश्न वहीतून काढूनच टाका. त्याऐवजी असे प्रश्न लिहा: कानातल्या इअरपीसमध्ये निर्माता सूचना देत असताना समोरच्याचं बोलणं ऐकायचं कसं? एका दिवसात दोन-तीन भाग चित्रित होतात, तेव्हा तिसऱ्या भागात आवाज ताजा कसा राहतो? टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे वाचायचा मजकूर दाखवणारा पडदा, बंद पडला तर पहिलं वाक्य कुठलं? भूमिकेत दुसऱ्याने लिहिलेलं बोलायचं आणि निवेदनात स्वतः म्हणून उभं राहायचं, तर हात कुठे ठेवायचे? पंचाहत्तर मिनिटांना असे बारा प्रश्न पुरे, तीन राखीव. उत्तर आलं की लगेच पुढच्या प्रश्नावर उडी नको. दोन श्वास थांबा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या थांब्यानंतर येते.

आठवडाभर आधी फोनवर बोलून घ्या. कुठले विषय नकोत, कुणाची नावं नकोत, हे स्पष्ट विचारा आणि पाळा. मानधन, गाडी, मेकअपची खोली हे सगळं लेखी द्या. मालिका चालू असेल, तर चित्रीकरणाच्या दिवशी कार्यक्रम ठेवूच नका. घोडबंदर रोडवरच्या सेटवरून पॅकअप करून संध्याकाळी कापूरबावडी, माजिवडा पार करत तलावपाळीला गडकरी रंगायतनपर्यंत वेळेत पोहोचणं नशिबावर असतं.

मंचावर सर्वांत जास्त घात होतो तो माइकचा. कॉलर माइक रेशमी साडीच्या पदराच्या निऱ्यांवर लावला की प्रत्येक हालचालीला खसखस ऐकू येते, आणि लांब मंगळसूत्र त्यावर आपटतं. माइक ब्लाउजच्या काठाला, मुलाखतकार ज्या बाजूला बसणार त्या बाजूला लावा. बोलताना मान तिकडेच वळते. बॅटरी नवी, आणि टेबलावर एक हातातला माइक सुरू ठेवलेला. डेकोरेटरचे खोल सोफे नकोत, त्यात माणूस रुततो आणि पोटातून आवाज निघत नाही. ताठ पाठीच्या, हातांच्या खुर्च्या प्रेक्षकांकडे थोड्या तिरक्या मांडा.

चित्रफिती चारपेक्षा जास्त नकोत, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट. एकाच फाइलमध्ये क्रमाने जोडा आणि आवाजाची पातळी सारखी करा, नाहीतर जुन्या फितीनंतर नवी कानठळ्या बसवते. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आधी घ्या. यूट्यूबवर टाकायच्या रेकॉर्डिंगमधून त्या फिती वगळलेल्या बऱ्या. दाव्यापायी अख्खा व्हिडिओ अडकू शकतो.

शेवटची पंधरा मिनिटं प्रेक्षकांची. माइक फिरवलात तर प्रश्नाऐवजी भाषणं होतात. मध्यंतरात चिठ्ठ्या गोळा करा, मध्यंतर नसेल तर आत येतानाच कोरे कागद वाटा. सारखे प्रश्न एकत्र करा, वय आणि लग्नाबद्दलचे बाजूला काढा, आणि विचारणाऱ्याचं नाव वाचा. आपलं नाव मंचावरून ऐकायला लोकांना आवडतं. रेकॉर्डिंग जाहीर करण्याआधी पाहुण्यांना पाठवा, आणि बोलण्यातून एखादं वर्ष दुरुस्त झालं असेल, तर ते जीवनपटात त्याच रात्री लिहून ठेवा.