लॉनचा अंदाज काढताय? या चुका टाळा

कोल्हापुरात बंगल्यापुढं लॉन करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘फुटाला काय दर?’ गवताचा हिशेब सहसा चुकत नाही. बजेट मातीत जातं ते मातीमुळंच.

माती ब्रासवर मिळते. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. समजा 30 बाय 20 ची जागा आहे आणि 6 इंच माती टाकायची आहे. 6 इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून 300 घनफूट, 3 ब्रास. बरेच जण इथं कॅल्क्युलेटरवर 0.6 मारतात आणि 3.6 ब्रास काढतात. गंमत अशी, की ही चूक लगेच अंगाशी येत नाही. सैल माती पाणी पडल्यावर दबते, त्यामुळं पंधरा-वीस टक्के जादा लागतेच. पण 3.6 वर पुन्हा 20 टक्के चढवले की 4.3 ब्रास होतात आणि उरलेला ढीग गेटसमोर पडून राहतो. इंचाला 12 नं भागायचं, मग दबण्याचं एकदाच धरायचं.

दुसरा घोळ ट्रॉलीचा. ‘एक ट्रॉली म्हणजे एक ब्रासच की ओ,’ असं सांगितलं जातं. माती उतरायच्या आधी टेप लावा. हौदा आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि फळी दीड फूट असेल तर 90 घनफूट झाले. शीग लावून आली तर ब्रास भरेल, फळीबरोबर आली तर नाही. चार ट्रॉल्यांमागं 40 घनफुटांची तूट म्हणजे जवळजवळ अर्धी ट्रॉली.

अर्धा गुंठा म्हणजे 500 फूट, असंही धरू नका. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे अर्धा सुमारे 545. वर कापाकापीत वाया जाणारं गवत: चौकोनी जागेला 5 टक्के, गोलाकार वाफ्यांना 10 टक्के तरी धरा.

प्लॉट काळ्या रानातला असेल तर खरा खर्च पाणी काढण्याचा. काळी माती पाणी धरून ठेवते. उतार दिला नाही तर जुलै-ऑगस्टच्या झडीत लॉन पिवळं पडतं. पाचगाव-मोरेवाडीकडं मुरमाड जागेत उलटं, तिथं मातीचा थर वाढवावा लागतो. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, स्वस्त पडते म्हणून ताजी आणू नका. कुजताना ती तापते, मुळं करपतात. पूर्ण कुजलेलीच घ्या.

कोटेशन घेताना भाडं, माती पसरणं, रोलिंग आणि हमाली दरात धरली आहे का, हे लिहून घ्या. पेठेतल्या बोळात ट्रॉली शिरत नाही. पाट्यांनी माती आत न्यायची मजुरी कधीकधी मातीच्या किमतीला टेकते. आणि माती मे महिन्यातच आत घ्या. जूनमध्ये ती ओली येते, ट्रॅक्टर रुततो आणि गेटजवळची फरशी फुटली तर तो खर्च कुणाच्याच कोटेशनमध्ये नसतो.