मशीन पॉलिशिंगसाठी पॅड आणि कंपाउंड निवडताना या चुका टाळा

गाडीच्या पेंटवर गोल गोल स्वर्ल मार्क दिसायला लागले की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कंपाउंड (ओरखडे घासून काढणारं जाड कणांचं पॉलिश) कुठलं घेऊ? पॅडबद्दल कुणी विचारतच नाही, मशीनसोबत जे आलं असेल ते लावलं जातं आणि रिझल्ट आला नाही की खापर बाटलीवर फुटतं. पण एकच पॉलिश मऊ फोम पॅडवर घेतलं तर फक्त ग्लॉस वाढवतं आणि तेच मायक्रोफायबर पॅडवर घेतलं तर बऱ्यापैकी कट करतं, म्हणजे पेंट घासून काढतं, त्यामुळे आधी पॅड समजून घ्या, लिक्विड नंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक : सुरुवातच जोरदार कॉम्बोने करणं

वुलन पॅड आणि हेवी कट कंपाउंड, म्हणजे एकदाच काय ते काम होऊन जाईल, असा विचार बरेच जण करतात. इथे पेंटमध्ये नेमकं काय होतं ते बघा. रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, आणि पॉलिश केल्याने ओरखडा भरून येत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो. जेवढं घासलं तेवढं कायमचं गेलं, ते कुठल्याही वॅक्सने किंवा सिरॅमिक कोटिंगने परत येत नाही. म्हणून ज्यात नख अडकतं असा खोल ओरखडा पूर्ण काढायच्या मागे लागूच नका, त्याच्या कडा थोड्या मऊ झाल्या की तो नजरेत कमी येतो, तेवढ्यावर समाधान माना.

बरोबर पद्धत म्हणजे टेस्ट स्पॉट. बॉनेटवर साधारण दीड-दोन फुटाचा चौकोन टेपने आखून घ्या, मीडियम फोम पॅड आणि मीडियम पॉलिश घ्या, मशीन सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, चार ते सहा पास (पूर्ण चौकोनावरून एक फेरी म्हणजे एक पास) मारा. पुसा आणि एलईडी टॉर्च तिरका धरून बघा. स्वर्ल राहिले असतील तर पॉलिश तेच ठेवून फक्त पॅड एक पायरी कडक घ्या, तरीही भागलं नाही तरच कंपाउंडकडे जा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक पॅडने पडला, लिक्विडने पडला की स्पीडने, हे कधीच कळत नाही आणि मग पूर्ण गाडीभर अंदाजपंचे काम चालू राहतं. काही पेंट इतके मऊ असतात की मीडियम पॅडही जास्त होतो, काही इतके कडक की फोमने त्यांच्यावर काहीच होत नाही, आणि हे गाडीचा रंग किंवा मॉडेल बघून छातीठोकपणे सांगता येत नाही, तो चौकोनच सांगतो.

पॅडचा रंग बघून खरेदी

केशरी म्हणजे कटिंग, काळा म्हणजे फिनिशिंग असं पाठ करून ठेवू नका. रंगाचं कुठलंही एक स्टँडर्ड नाही, एका कंपनीचा जो रंग फिनिशिंगचा तोच दुसरीकडे मीडियम कटचा निघू शकतो. त्या त्या कंपनीचा चार्ट बघा आणि हातात घेऊन फोमचा कडकपणा दाबून बघा.

साइझ आणि जाडी

पाच इंची बॅकिंग प्लेटला (मशीनच्या ज्या चकतीवर पॅड चिकटतो तिला) साधारण साडेपाच इंची पॅड बसतो, प्लेटची कड पॅडच्या बाहेर आली तर पेंटवर घासलीच म्हणून समजा. डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे फिरता फिरता हलणाऱ्या) मशीनवर खूप जाड फोम लावला तर मशीनची हालचाल फोमच खाऊन टाकतो आणि पेंटपर्यंत कमीच पोचते, म्हणून पातळ पॅड बरे. अजून एक करा, बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. चालू मशीनमध्ये ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे, एका जागी थरथरताना दिसली तर पॅड फिरत नाहीये, नुसता हलतोय, म्हणजे तुम्ही जोर जास्त देताय किंवा मशीन वाकडं धरलंय. अशा वेळी कट जवळपास मिळतच नाही आणि लोक लगेच आणखी कडक कंपाउंड आणायला धावतात.

एकाच पॅडवर अख्खी गाडी

ही चूक तर अगदी सर्रास होते. थोड्या वेळात पॅडमध्ये निघालेला पेंट आणि वाळलेलं पॉलिश साठतं, कट कमी होतो, उष्णता वाढते. प्रत्येक सेक्शन झाला की ब्रशने किंवा एअरने पॅड साफ करा, आणि कटिंगचे तरी चार-पाच पॅड हाताशी ठेवा. पैसे मोजकेच असतील तर एक बाटली कमी घ्या पण पॅड जास्त घ्या. कंपाउंड लावलेल्या पॅडवर फिनिशिंग पॉलिश कधीच नाही, आतले जाड कण राहिलेलेच असतात. नवीन पॅडवर सुरुवातीला पातळ थर सगळीकडे चोळून घ्या, मग दर सेक्शनला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात.

चमक आली पण खरी का?

काही प्रॉडक्टमध्ये तेल आणि फिलर असतात, ते बारीक ओरखडे झाकतात आणि दोन-चार वॉशनंतर सगळं परत दिसायला लागतं. टेस्ट स्पॉट पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग टॉर्च मारा.

आता काही बिघडलं असेल तर

कटिंगनंतर धुरकट हेझ दिसत असेल तर घाबरू नका, मायक्रोफायबर आणि वुलन पॅड मऊ पेंटवर हमखास हेझ सोडतात, मऊ फोम आणि फाइन पॉलिशची दुसरी स्टेप केली की जातो. उन्हात लांब लाटांसारखे होलोग्राम दिसले तर ते बहुतेक वेळा रोटरीचे (नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनचे) असतात, डीएवर फिनिशिंग करा. पांढरी भुकटी उडत असेल तर पॉलिश जास्त झालंय, पॅड भरलाय किंवा पॅनल गरम आहे, उन्हात काम करूच नका. नवे बारीक ओरखडे येत असतील तर आधी वॉश आणि क्ले (पेंटला चिकटलेली घाण क्ले बारने काढणं) नीट झाला नव्हता किंवा पुसायचं कापड खराब आहे. मध्यभागी फोम वितळून वेल्क्रो सुटत असेल तर जोर आणि स्पीड दोन्ही कमी करा.

पॅनलच्या कडा आणि बॉडी लाइन यांच्यावर पेंट पातळ असतो, तिथे टेप लावा. प्लास्टिक बंपर उष्णता पसरवत नाही आणि पत्र्यावर चालणारे पेंटची जाडी मोजणारे नेहमीचे गेज त्याच्यावर रीडिंग देत नाहीत, म्हणून बंपरवर एक पायरी मऊ पॅड, कमी स्पीड आणि दर एक-दोन पासनंतर हात लावून बघा, चटका बसण्याइतका गरम लागला तर थांबा आणि तोवर दुसऱ्या पॅनलकडे वळा.