सिगारेट सोडताना व्यायाम करताय? या चुका टाळा

सिगारेट सोडायची ठरली, की बऱ्याच जणी त्याच सोमवारपासून व्यायाम सुरू करतात आणि जेवणही निम्म्यावर आणतात. यातलं जेवण कमी करणं आधी थांबवा. सिगारेट सुटल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण सुरुवातीच्या आठवड्यांत भूक कुठली आणि तलफ कुठली, हेच कळत नाही. उपाशी बाईच्या हातात पाकीट लवकर परत येतं. वजनाचं नंतर बघता येईल.

दुसरी चूक वेळेची. सकाळी तासभर जिममध्ये घाम गाळला तरी दुपारी चारच्या तलफेला त्याचा फारसा उपयोग नाही. तलफेचा जोर काही मिनिटंच टिकतो, तेव्हा व्यायामही त्याच मिनिटांत हवा. उठा आणि दहा मिनिटं भरभर चाला: बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेगाने. मीटिंगमधून उठता येत नसेल तर टेबलाखाली मांड्या घट्ट आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा, पुन्हा आवळा. बघायला विचित्र वाटतं, पण तलफ उतरते.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते: फक्त व्यायामाच्या भरवशावर राहणं. 1999 मध्ये अमेरिकेत बेस मार्कस आणि सहकाऱ्यांनी 281 स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडण्याचं मार्गदर्शन सगळ्यांनाच होतं. त्यासोबत आठवड्यातून 3 दिवस जोरकस व्यायाम करणाऱ्यांपैकी 11.9 टक्के वर्षभरानंतरही सिगारेटपासून दूर होत्या, व्यायाम नसलेल्या गटात 5.4 टक्के. फरक दुपटीचा, पण दहातल्या जवळपास नऊ जणी तरीही परतल्याच! पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दीर्घकाळचा फायदा ठामपणे दिसला नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी), निकोटीनचं च्युइंगम किंवा गोळ्या, आणि जोडीला व्यायाम. स्त्रियांच्या शरीरात निकोटीन पुरुषांपेक्षा लवकर निचरतं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी लवकर. डोस अपुरा वाटत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, मनाचा कमकुवतपणा समजून गप्प बसू नका. पॅच लावून जोरात पळताना मात्र मळमळ किंवा गरगर झाली तर वेग कमी करा, कारण त्वचेतला रक्तप्रवाह वाढला की निकोटीनही जास्त शोषलं जातं.

व्यायाम करूनही झोप लागत नाही? कॉफी निम्मी करून बघा. सिगारेट बंद झाल्यावर कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं.

खोकला वाढला म्हणून चालणं बंद करू नका, फुप्फुसांची साफसफाई सुरू झाल्याचं ते लक्षण असू शकतं. पण छातीत दुखलं, चक्कर आली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. पस्तिशी ओलांडलेल्या आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी तर व्यायाम सुरू करण्याआधीच त्यांना भेटावं.