गहाळ संवेगातून सुपरसिमेट्री कशी शोधावी

सुपरसिमेट्रीनुसार प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार, म्हणजे सुपरकण, असतो. एलएचसी या प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या त्वरकात ग्लुइनो (ग्लुऑनचा सुपरकण) तयार झालाच, तर नेहमीच्या प्रतिकृतींनुसार तो क्षणात क्वार्क आणि सर्वांत हलक्या सुपरकणात फुटतो. क्वार्कचे जेट, म्हणजे कणांचे झोत, होतात. हलका कण मात्र न दिसताच निसटतो. शलाकेच्या आडव्या दिशेत टकरीआधी संवेग जवळजवळ शून्य असतो. नंतरची बेरीज शून्य आली नाही, तर उरलेला संवेग गहाळ धरायचा.

आधी ट्रिगर, म्हणजे कोणत्या टकरी साठवायच्या ते क्षणात ठरवणारी यंत्रणा, तपासा. प्रोटॉनांचे गुच्छ दर 25 नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात, त्यातले फारच थोडे साठवता येते. गहाळ संवेगाचा ट्रिगर साधारण 200 जीईव्हीच्या (कणभौतिकीतले ऊर्जेचे एकक) पुढेच पूर्ण क्षमतेने चालतो, म्हणून तुमची अट त्याच्या वरच ठेवा. ही क्षमता म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) ट्रिगरने टिपलेल्या घटनांवर, म्हणजे नोंदलेल्या टकरींवर, मोजा. सिम्युलेशनवर विसंबू नका.

मग खोटा गहाळ संवेग काढा. एखाद्या जेटची ऊर्जा कमी मोजली गेली की तूट नेमकी त्याच जेटच्या दिशेने दिसते. सर्वाधिक संवेगाच्या तीन-चार जेटपासून किमान 0.4 रेडियन कोन मागितला की यातला बराच कचरा जातो. गोंगाट करणाऱ्या कॅलरीमीटर (ऊर्जामापक) पेशींसाठी गाळणी वेगळी लावावी लागते.

खरी डोकेदुखी म्हणजे झेड बोसॉन. तो सुमारे 20 टक्के वेळा न दिसणाऱ्या न्यूट्रिनोंत फुटतो आणि हुबेहूब सिग्नलसारखा दिसतो. कोणतीही कट, म्हणजे निवडीची अट, तो हटवत नाही, त्याचा अंदाजच बांधावा लागतो. झेड दोन म्यूऑनमध्ये फुटलेल्या घटना घ्या, म्यूऑन नसल्याचे समजून गहाळ संवेग पुन्हा काढा. पण हे फक्त 3.4 टक्के, म्हणजे न्यूट्रिनोंच्या सहाव्या हिश्श्याइतके. कडक कटनंतर अशा 25 घटना उरल्या, तर एकट्या मोजणीचीच अनिश्चितता 20 टक्के! अशा वेळी फोटॉन अधिक जेटच्या घटना मदतीला घ्याव्यात. त्या भरपूर मिळतात, मात्र झेडशी त्यांचे गुणोत्तर सिद्धांतातून आणावे लागते.

हे सगळे ठरेपर्यंत सिग्नल विभाग, म्हणजे जिथे नवे कण दिसण्याची अपेक्षा आहे त्या घटना, झाकलेलाच ठेवा. उघडल्यावर फुगवटा, म्हणजे अंदाजापेक्षा जास्त घटना, दिसला, तर किती विभाग तपासले तेही हिशेबात धरा. डिसेंबर 2015 मध्ये दोन फोटॉनच्या वर्णपटात 750 जीईव्हीजवळ दिसलेला फुगवटा ऑगस्ट 2016 पर्यंत जास्त विदेत विरून गेला. शोधाचा दावा 5 सिग्मालाच (सिग्मा म्हणजे अंदाजापासूनचे अंतर मोजण्याचे सांख्यिकी माप). काही सापडले नाही, तर 95 टक्के विश्वासपातळीवर मर्यादा द्या आणि प्रत्येक कटनंतर किती घटना उरल्या त्याचा तक्ताही जोडा, म्हणजे इतरांना आपली प्रतिकृती त्यावर तपासता येईल.