लेबलं छापायला बसण्याआधी

गेल्या खेपेला ४८० पाकिटांवर लावायचे पत्ते मी एका रात्रीत छापायला घेतले. एका तावावर २४ लेबलं, म्हणजे २० ताव. चाचणीचा कागद दुपारीच काढला होता आणि तो चोख जुळला होता. रात्री फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, सगळे ताव ट्रेमध्ये ठेवले, प्रिंट दिली आणि मी पाकिटं मोजायला बसले. ताव पालथे पडत होते, त्यामुळे काही दिसत नव्हतं. शेवटी गठ्ठा उलटा केला, तर प्रत्येक तावावर मधल्या ओळी ठीक आणि वरखाली सगळं सरकलेलं. सगळ्यात वरच्या लेबलांतला मजकूर खाली घसरून दुसऱ्या ओळीत शिरला होता, सगळ्यात खालच्या लेबलांवरची नावं बरोबर दोन लेबलांमधल्या कापावर आली होती. त्या दुसऱ्या संगणकावर प्रिंटच्या चौकटीत ‘फिट’ (कागदात बसवण्यासाठी मजकूर लहानमोठा करणारा पर्याय) निवडलेलं होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. बाकी सगळी तयारी नीट होती. म्हणून पुन्हा छापायच्या आधी ही यादी स्वतःसाठी लिहून काढली, आणि जो कोणी पहिल्यांदा लेबलं छापणार असेल त्याच्यासाठीही.

आधी ताव. तुमचा प्रिंटर लेझर आहे की इंकजेट, हे पाहूनच लेबलांच्या तावांचं पाकीट घ्या. यात तडजोड नको. लेझर प्रिंटरमध्ये टोनर, म्हणजे शाईची कोरडी पूड, वितळवून कागदावर बसवणारा फ्युजर असतो आणि तो साधारण २०० अंश सेल्सिअसच्या घरात तापतो. त्या उष्णतेसाठी न बनवलेल्या तावातला गोंद मऊ होऊन कडांमधून बाहेर येतो, नाहीतर लेबल आतच सुटून रुळाला चिकटतं. मग कधी कधी तो भागच बदलावा लागतो. उलट बाजूने, लेझरसाठीच्या चकचकीत लेबलांवर इंकजेटची शाई मुरत नाही, बोट लागताच पसरते. दोन्हींसाठी चालतो असं पाकिटावर स्पष्ट छापलेलं असेल तरच तो ताव दोन्हींत घाला. तावाचा आकारही पाहा. एफोर म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, लेटर म्हणजे २१६ × २७९. दिसायला जवळजवळ सारखे, पण एकाचा साचा दुसऱ्यावर कधीच बसत नाही. आणि प्रिंटच्या चौकटीत कागद चुकीचा निवडलेला असेल, तर पुष्कळदा प्रोग्रॅम न विचारता मजकूर लहानमोठा करतो. त्या लहानमोठ्या होण्याबद्दल पुढे पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

साचा, म्हणजे तावावर लेबलं कुठे आहेत त्याची मांडणी. तावांच्या पाकिटावर क्रमांक असेल आणि तो वर्डच्या यादीत सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला तर मोजा. निव्वळ लेबलाची लांबीरुंदी पुरत नाही. एका लेबलाच्या कडेपासून पुढच्या लेबलाच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर लागतं, कारण मधे फट असते. माझ्या तावांवर लेबल ६३.५ मिलिमीटर रुंद आणि आडवं अंतर ६६, म्हणजे अडीच मिलिमीटरची फट. ती विसरलात तर तिसऱ्या स्तंभात चूक दुप्पट होऊन पाच मिलिमीटर भरते. वरचा आणि डावा समासही मोजा. मजकूर लेबलाच्या कडेपासून किमान तीन मिलिमीटर आत ठेवा, कारण सगळं अचूक असलं तरी प्रिंटर कागद ओढताना एखाददुसरा मिलिमीटर इकडेतिकडे करतोच. त्याच कारणाने लेबलाभोवती चौकट काढू नका. चौकटीचं सरकणं लगेच डोळ्यांत भरतं, पत्त्याचं भरत नाही.

वर्डमध्ये लेबलांचा साचा म्हणजे एक तक्ताच असतो. त्या तक्त्याच्या ओळींची उंची ‘एक्झॅक्टली’वर बांधून टाका, म्हणजे एखादा लांब पत्ता खालच्या सगळ्या ओळी ढकलणार नाही. मात्र हेच ‘एक्झॅक्टली’ मजकुराच्या ओळींमधल्या अंतराला लावू नका. देवनागरीत त्याने वरची वेलांटी, रफार, अनुस्वार छाटले जातात, आणि पडद्यावर ते पटकन लक्षात येत नाही. पत्ता मावत नसेल तर अक्षर एका आकड्याने लहान करा.

पत्त्यांच्या यादीबद्दल थोडक्यात. एक्सेलमध्ये क्रमांकांचा रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. मेल मर्ज (यादीतले पत्ते लेबलांवर आपोआप भरणं) करताना पहिलं लेबल रचून झालं की ‘अपडेट लेबल्स’ दाबा, नाहीतर बाकीची कोरी राहतात. रिकाम्या ओळी काढून टाका. नावं वाचून काढा. एकदा स्वतः वाचा आणि एकदा दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.

आता चाचणी, आणि इथे घाई करू नका. साध्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने वरच्या बाजूला एक बाण काढा आणि तो कागद ज्या ट्रेमधून लेबलं घालणार आहात त्याच ट्रेमध्ये ठेवा. छपाई बाण असलेल्या बाजूला आली का मागच्या बाजूला, आणि बाण वर राहिला का खाली गेला, हे पाहून ट्रेवर एक चिठ्ठी चिकटवा. प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं, आठवणीवर विसंबू नका. मग तो छापलेला कागद लेबलांच्या तावावर ठेवून उजेडासमोर धरा. चारही कोपऱ्यांतली लेबलं पाहा. मधली पाहून काहीच कळत नाही. मजकूर लहान होतो तेव्हा साधारण पानाच्या मध्याकडे आवळला जातो, म्हणून मधलं ठीक आणि कडेचं चुकलेलं असं होतं.

याहून पक्की एक युक्ती आहे आणि ती मला आधी सुचायला हवी होती. चाचणीच्या पानावर बरोबर १०० मिलिमीटर लांबीची एक सरळ रेघ काढा. छापून झाल्यावर फूटपट्टी लावा. १०० भरली तर पुढे चला. ९७ भरली तर प्रिंटरने मजकूर ९७ टक्क्यांवर आणला आहे. तीन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण आठ ओळींच्या एफोर तावावर पहिल्या आणि शेवटच्या ओळीत तेच साडेतीन मिलिमीटरच्या वर जातात. तीन मिलिमीटर समास सोडलेल्या लेबलावर याचा अर्थ नाव कापावर, आणि माझ्या २० तावांवर तेच झालं होतं.

तर ही गोष्ट: प्रिंटच्या चौकटीत ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के. पीडीएफ छापताना ‘फिट’ नको आणि ‘श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस’ही नको. ब्राउझरमधून छापत असाल तर स्केलच्या जागी ‘कस्टम’ निवडून १०० लिहा. वर्डमध्ये ‘स्केल टू पेपर साइज’च्या पुढे ‘नो स्केलिंग’ हवं. शिवाय वर्डच्या पर्यायांत, ‘ॲडव्हान्स्ड’खाली, एफोर आणि लेटरमध्ये मजकूर आपोआप जुळवून घेण्याची एक खूण असते, तीही काढा. नंतर प्रिंटरच्या स्वतःच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, तिथे झूम किंवा स्केलिंग वेगळं असू शकतं. इंकजेटला ‘बॉर्डरलेस’ चालू असेल तर बंद करा. त्यात कडेला पांढरं राहू नये म्हणून पान थोडं मोठं केलं जातं, म्हणजे चूक उलट दिशेने. फोनवरून छापू नका, बऱ्याच ठिकाणी १०० टक्क्यांचा पर्याय दिसतच नाही.

आणि कृपा करून हे लक्षात ठेवा: हा १०० टक्क्यांचा पर्याय फाइलमध्ये साठवला जाईल असं धरून चालू नका. तो त्या संगणकावरच्या त्या प्रोग्रॅमच्या चौकटीत असतो. संगणक बदलला की पाहा. वर्डमधून चाचणी घेऊन पीडीएफमधून छापणार असाल तर पाहा. मधे दुसऱ्या कोणी काही छापलं असेल तर पाहा. चाचणी जुळली म्हणजे खरी छपाई जुळेल हे त्याच संगणकावर, त्याच प्रोग्रॅममधून, त्याच चौकटीतून छापलं तरच खरं आहे. मी दुपारी चाचणी घेतली आणि रात्री दुसरीकडे छापलं. तेवढंच पुरलं.

ट्रे भरताना: कागदाचा प्रकार ‘लेबल्स’ निवडा. लेझर प्रिंटर त्यानुसार वेग आणि उष्णता बदलतो आणि टोनर नीट धरतो, नाहीतर तो नखाने खरवडला जातो. हाताने कागद घालायचा ट्रे असेल तर तोच वापरा आणि मागचं झाकण उघडून ताव सरळ बाहेर येऊ द्या, वळणावर लेबलांचे कोपरे सुटतात. ताव आधी फुलवून मोकळे करा. एका वेळी थोडेच ठेवा. दोन्ही बाजूंची छपाई बंद. वाकलेला किंवा कोपरा उचललेला ताव बाजूला काढा. काही लेबलं काढून वापरलेला अर्धा ताव लेझरमध्ये पुन्हा घालू नका, कितीही वाया गेल्यासारखं वाटलं तरी. उघड्या कडेवरून शेजारचं लेबल आत सुटतं आणि ड्रमवर (प्रिंटरच्या आतल्या, छाप उमटवणाऱ्या नळकांड्यावर) जाऊन बसतं. उरलेली लेबलं हाताने लिहायला वापरा.

मग फक्त पहिलं पान छापा, सगळी नाही. ताव हातात घ्या, सरळ करा, चार कोपरे पाहा. तो जुळला की पुढची पाच, पुन्हा एक नजर, मग बाकीची. आणि दर वेळी चौकट उघडली की १०० टक्के पाहा. हो, मगाशी पाहिलं होतं तरीही. काही प्रोग्रॅम मागची निवड लक्षात ठेवतात, काही पुन्हा ‘फिट’वर जातात.

बारकोड किंवा क्यूआर असेल तर त्याच्याभोवती मोकळी जागा सोडा (क्यूआरला चारही बाजूंनी त्याच्यातल्याच चार बारीक चौकोनांइतकी), आणि छापलेला एक स्कॅन करून पाहा.

इंकजेटची लेबलं वाळू द्या, एकावर एक रचू नका. ओलं लागणार असेल तर लेझर बरा. चिकटवायची जागा कोरडी आणि स्वच्छ. उरलेले ताव मूळ पाकिटात, सपाट, दमट जागेपासून दूर.

खराब झालेली पानंच पुन्हा छापायची असतील तर पानांचे क्रमांक द्या, सगळी फाइल नको. त्यासाठी चौकट पुन्हा उघडेल. १०० टक्के आहे ना, पाहा.