घडीचा चाकू निवडताना: लॉक, मूठ आणि बोटांची जागा

घडीचा चाकू विकत घेताना बहुतेक जण तो उघडून पाहतात. पाते टक् आवाज करून जागेवर बसले, की गिऱ्हाईकही खूश होते आणि दुकानदारही. चाकूची खरी परीक्षा मात्र तो मिटताना होते, कारण धारेचा मार्ग आणि आपल्या बोटांची जागा नेमक्या त्याच वेळी एकमेकांच्या आड येतात. म्हणून निरनिराळ्या लॉकची, म्हणजे उघडलेले पाते जागेवर अडकवून ठेवणाऱ्या रचनांची, तुलना करताना ‘हे किती घट्ट बसते’ या प्रश्नाबरोबरच ‘हे सोडताना माझे बोट कोठे असेल’ हा प्रश्न विचारावा, आणि मुठीची तुलना करताना ‘ही हातात किती छान दिसते’ यापेक्षा ‘घामेजलेल्या हाताने घट्ट धरली तर लॉकला धक्का लागतो का’ हे पाहावे.

त्याआधी आपल्याला लॉक हवे आहे का, हे ठरवणे आवश्यक आहे. धार खाली दाबून सुतळी किंवा पुठ्ठा कापताना पात्यावर येणारा जोर त्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो, आणि तो जोर मुठीतला थांबा सहज पेलतो. पाते मिटण्याचा धोका निर्माण होतो तो टोकाने भोक पाडताना, जाड पुठ्ठ्यात रुतलेले पाते हिसका देऊन सोडवताना, किंवा पात्याच्या पाठीवर काही आदळले तर. वरुड, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यातील रोपवाटिकांमध्ये जंभेरी या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरण्यासाठी वापरला जाणारा घडीचा कलम-चाकू बहुधा बिनलॉकचा असतो आणि त्यात गैर काही नाही, कारण सालीवर इंग्रजी ‘टी’ आकाराची चीर देण्याचे ते काम हलक्या हाताचे असते आणि त्यात जोर नेहमी धारेच्याच दिशेने पडतो. अशा चाकूत पाठीची ताठ स्प्रिंग पात्याच्या बुडाला, म्हणजे मुठीच्या आत राहणाऱ्या त्याच्या मागच्या टोकाला, दाबून धरते. काही चाकूंमध्ये पाते मिटताना अर्ध्या वाटेवर, काटकोनात, एकदा अडते. ही अडण बोटांसाठी मोठी सोय आहे आणि ती असलेला चाकू मिळाल्यास तोच घ्यावा. व्हिक्टोरिनॉक्सचे परिचित ९१ मिलिमीटरचे लाल चाकूही याच बिनलॉकच्या पद्धतीचे आहेत. त्या कंपनीचे लॉक साधारणपणे १११ मिलिमीटरच्या मोठ्या आकारात येते.

लॉकच्या प्रकारांत सर्वांत सोपे आणि समजायला सर्वांत स्वच्छ म्हणजे फिरत्या कड्याचे. फ्रान्सच्या साव्होआ भागातील ओपिनेल कंपनीने १९५५ साली ते आणले. पात्याच्या मुळाशी असलेले धातूचे कडे फिरवले, की कड्याची भरीव बाजू पात्याच्या वाटेत येते आणि पाते मिटू शकत नाही. कडे फिरवताना दोन्ही हातांची बोटे धारेच्या मार्गाबाहेर राहतात, डावखुऱ्यालाही ते तितकेच सोयीचे पडते, आणि लॉक लागले आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. उणीव अशी, की ते आपोआप लागत नाही. कडे फिरवायचा कंटाळा करणाऱ्याच्या हातात तो चाकू बिनलॉकचाच असतो. दुसरी अडचण आपल्याकडच्या हवेची आहे. बीच लाकडाची मूठ जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत फुगते आणि पाते नखाने निघेनासे होते. तेव्हा जोर लावून नख तोडू नये. कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटावे, म्हणजे पात्याचे टोक वर येते. पावसाळ्यापूर्वी मुठीच्या खाचेत जवसाच्या तेलाचा पातळ हात दिल्यास हा त्रास कमी होतो.

पाठीचे लॉक, ज्याला दुकानात ‘बॅक लॉक’ म्हणतात, ते अमेरिकेतील बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूमुळे १९६० च्या दशकात सर्वदूर पोहोचले. मुठीच्या पाठीवर एक दांडी मध्यावर खिळलेली असते. तिच्या पुढच्या टोकाचा दात पात्याच्या बुडातील खाचेत पडतो आणि मागचे टोक दाबले की दात वर उचलला जातो. रचना मजबूत असली तरी खाच हीच तिची दुखरी जागा आहे. खिशातील कापसाचे तंतू, तणसाचा भुसा किंवा संत्र्याचा वाळलेला रस तिथे साचला, की दात पूर्ण खोल बसत नाही आणि लॉक लागल्यासारखे वाटूनही अर्धवटच लागलेले असते. मिटताना मुठीच्या दोन्ही सपाट बाजू एका हाताच्या बोटांची टोके आणि तळवा यांच्यात धराव्यात, त्याच हाताच्या अंगठ्याने दांडी दाबावी आणि पाते दुसऱ्या हाताने पाठीकडून धरून आत आणावे. चारही बोटे मुठीच्या पोटाशी गुंडाळून एका हाताने हा चाकू मिटणारे पुष्कळ दिसतात; ते धारेच्या वाटेत बोटे ठेवतात, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

आता सर्वांत जास्त विकला जाणारा प्रकार, म्हणजे लायनर लॉक. आजचे त्याचे स्वरूप अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस रूढ केले. मुठीच्या आतील पत्र्याची पट्टी एका बाजूला वाकलेली असते आणि पाते उघडताच ती सरकून बुडामागे उभी राहते. स्वस्तातील चाकूत हेच लॉक असते आणि महागड्यातही हेच असते, त्यामुळे नाव ऐकून काही कळत नाही. पट्टी कोठे बसते ते पाहावे लागते. पाते उघडून मुठीत वरून डोकावल्यास पट्टीचे टोक बुडाच्या रुंदीच्या साधारण पाव ते अर्ध्या भागावर टेकलेले दिसले पाहिजे. केवळ कडेला चिकटलेले असेल तर ते निसटू शकते, आणि नव्या चाकूतही पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडलेले असेल तर झीज सामावून घ्यायला जागाच उरलेली नाही, असे समजावे. मिटण्याची रीत येथे विशेष जपून शिकावी, कारण पट्टी बाजूला सारणारा अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. अंगठ्याने पट्टी सारावी, दुसऱ्या हाताने पाते थोडेसेच वळवावे, पट्टी मागे पडताच अंगठा पूर्णपणे बाहेर काढावा आणि मगच पाते मिटावे. डावखुऱ्यांसाठी हे लॉक उलट्या बाजूला पडते; त्यांनी ते टाळलेलेच बरे.

फ्रेम लॉकचे तत्त्व हेच, फरक इतकाच की पट्टीच्या जागी मुठीचीच जाड धातूची बाजू काम करते. मूठ जितकी घट्ट आवळाल तितकी ती बाजू बुडामागे अधिक दाबली जाते, म्हणून जोराच्या कामासाठी हे लॉक उत्तम मानले जाते. माझ्या मते मात्र नागपुरात नेहमीच्या वापरासाठी त्याची निवड शेवटी करावी, आणि त्याचे कारण लॉकमध्ये नसून मुठीत आहे: ज्या बाजूला हाताने पकडायचे ती बाजू उघडी धातूची असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा घामाने ती निसरडी होते, आणि दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला असा चाकू हातात धरवत नाही.

आडव्या दांड्याचे लॉक बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ‘ॲक्सिस’ या नावाने आणले. आता अनेक कंपन्या तशी रचना करतात. दोन बारीक स्प्रिंगांवर सरकणारा दांडा बुडावर येऊन बसतो आणि तो मागे ओढताना अंगठा व तर्जनी धारेपासून दूर राहतात. डाव्या-उजव्या हाताचा भेद येथे नाही. बोटांच्या दृष्टीने मी हेच सर्वांत वर ठेवीन. मात्र त्या स्प्रिंगा नाजूक असतात आणि तुटल्या तर गल्लीतल्या कारागिराकडे त्या मिळत नाहीत. बटण दाबल्यावर सुटणाऱ्या लॉकबाबत एवढेच पाहावे, की मूठ घट्ट धरल्यावर तळहात बटणावर दाबला जाऊ नये.

मुठीकडे वळताना लांबीपासून सुरुवात करावी. चारही बोटे मुठीवर पूर्ण मावून मागे थोडी जागा उरली पाहिजे. ओपिनेलच्या ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आणि मूठ सुमारे ११ सेंटिमीटरची आहे; मध्यम हाताला हे माप बरोबर बसते. त्याहून आखूड मुठीत करंगळी हवेत राहते आणि जोर देताना चाकू हातात फिरतो. मूठ फिरू लागली, की आपण नकळत ती आवळतो, आणि आवळताना लायनर लॉकची पट्टी किंवा पाठीची दांडी दाबली जाण्याची शक्यता वाढते. आरामदायी मूठ म्हणूनच सुरक्षिततेचाही भाग आहे. गोलसर, किंचित फुगीर मूठ दीर्घकाळ टोचत नाही. बोटांसाठी खोल खळगे पाडलेली मूठ मात्र ज्याच्या हाताच्या मापाची असेल त्यालाच सोसते. खिशाला अडकवायची क्लिप हीदेखील बारकाईने पाहण्याची गोष्ट आहे, कारण दुकानात न जाणवणारी तिची कड दहा-पंधरा खोकी कापल्यावर तळव्याला वळ उठवते. क्लिप स्क्रूने काढता येत असेल तर उत्तम.

साहित्यात, घामाच्या हाताला कापड व रेझिन यांच्या थरांची मिकार्टा सर्वांत चांगली पकड देते. काचतंतूची जी-१० टिकाऊ असते, पण तिचा खडबडीत पृष्ठभाग पँटच्या खिशाची कड फार लवकर झिजवतो. नायलॉनची मूठ हलकी आणि स्वस्त असते, उन्हात धातूइतका चटका देत नाही, आणि तिच्याबद्दलची नाराजी बहुधा दिसण्यापुरतीच असते. शिंगाची व गुळगुळीत स्टीलची मूठ देखणी असते, मात्र ओल्या हातात घसरते.

नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा अन्यत्र चाकू हातात आल्यावर परीक्षा अशी करावी. प्रथम पाते उघडून मुठीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरा, म्हणजे लॉक सुटलेच तरी मिटणाऱ्या पात्याखाली बोट नसेल. मग पात्याची पाठ काउंटरच्या लाकडी कडेवर ठेवून हळूहळू जोर वाढवा. पाठ आपटून पाहण्याची रीत प्रचलित असली तरी ती टाळावी, कारण चांगल्या लॉकचीही कड तिने बोथट होते. नंतर पाते डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहा. डावी-उजवीकडची हालचाल खिळीचा, म्हणजे पाते ज्याभोवती फिरते तो, स्क्रू थोडा कसल्याने जाते, पण वर-खाली होणारी हालचाल म्हणजे लॉक व बूड यांचा मेळ चुकलेला आहे. असा चाकू कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा. यानंतर मूठ पूर्ण आवळून मनगट दोन्ही बाजूंना पिळा आणि पट्टी, दांडी किंवा बटण जागचे हलते का पाहा. शेवटी बोटे किंचित ओली करून हेच पुन्हा करा. दुकानदार त्रासिक चेहरा करील, करू द्यावा.

जवळ बाळगण्याबाबतही जपावे लागते. विमानात हातातील सामानात चाकू चालत नाही, तो कंपनीकडे सोपवायच्या बॅगेतच ठेवावा लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल त्या काळात घराबाहेर चाकू नेऊ नये. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला येथे जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचाही समावेश आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. संत्री सोलायला चाकू लागतही नाही.

घरी आणलेल्या चाकूची देखभाल थोडकीच आहे. महिन्यातून एकदा खाचेतील मळ दातकोरण्याने काढावा, खिळीवर यंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा आणि जादा तेल पुसून टाकावे, कारण उन्हाळ्यात उडणारी धूळ त्याच तेलाला चिकटून पट्टीखाली जाते. लायनर लॉकच्या पट्टीच्या टोकाला मात्र तेल लावू नये. तेथे घर्षणच तिला जागेवर ठेवते. कूलरच्या जाळीत नवा वाळा भरताना सुतळी आणि पोत्यांची शिलाई कापण्याचे काम झाले, की पात्यावरचा ओलसर भुसा लगेच पुसावा, विशेषतः पाते साध्या कार्बन स्टीलचे असेल तर. अधूनमधून पट्टीची जागा पाहत राहावी, आणि ती अर्ध्या रुंदीच्या बरीच पलीकडे गेलेली दिसली, की टोकाने भोके पाडण्याची कामे त्या चाकूकडून काढून घ्यावीत.