रडारवाली गाडी इंदूरहून घाटात नेण्याआधी

शोरूममधून रडारवाली मोटरसायकल बाहेर काढण्याआधी एवढं विचारून घ्या: रडार पुढे आहे, मागे आहे, की दोन्हीकडे? डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ ने २०२० च्या अखेरीस पुढचं आणि मागचं अशी दोन्ही रडार आणली. त्यानंतर केटीएमच्या १२९० सुपर ॲडव्हेंचर एसमध्ये पुढचं आलं, ट्रायम्फ टायगर १२०० च्या एक्सप्लोरर गाड्यांत फक्त मागचं. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएसमध्ये रडारची सोय पर्याय म्हणून मिळते, म्हणजे ती तुमच्याच गाडीत आहे की नाही हे बिलावर पाहायचं. बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटने २०२५ मध्ये आणलेल्या विजेवरच्या एक्स-४७ मध्ये मागचं रडार आहे.

पुढचं रडार क्रूझ (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) सांभाळतं: समोरच्या गाडीचा वेग आणि अंतर मोजून थ्रॉटल कमी करतं, गरज पडली तर हलका ब्रेक लावतं. मागचं रडार मुख्यतः आरशातला दिवा पेटवतं. मागून येणाऱ्या ट्रकपासून ते तुम्हाला वाचवत नाही, तो येतोय एवढंच सांगतं.

काच नव्हे, झाकण

रडारसमोरचं ते काळं गुळगुळीत झाकण प्लास्टिकचं असतं. ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. तिला पातळ कोरडं प्लास्टिक अडवत नाही, पण ओल्या मातीचा थर अडवतो. माळव्याची काळी माती इथे खरी वैरीण: पावसाळ्यात चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी धरते. नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडू नका. ओलं मऊ कापड दोन मिनिटं झाकणावर धरून ठेवा, माती सुटली की पुसा. प्रेशर वॉशरची धार तिथे जवळून मारू नका. झाकणावर स्टिकर, रंग, पॉलिश काहीही नको.

आता सामान. पुढे जादा दिवे किंवा क्रॅश गार्ड बसवताना त्यांचा एकही पाइप झाकणासमोर येऊ देऊ नका. मागे लोंबणारी बंजी दोरी, रेनकव्हरचं फडफडणारं टोक, वाकलेली नंबरप्लेट, पॅनियरच्या (बाजूला लावायच्या पेटीच्या) बाहेर आलेली मॅट यांपैकी काहीही मागच्या रडारला आंधळं करू शकतं. किंवा उलट, ‘कोणीतरी आहे’ म्हणून दिवा सतत पेटता राहतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. दहा मिनिटांत माणूस दिव्याकडे बघायचंच सोडतो.

प्रीलोड, ज्याचा रडारशी संबंध कोणी सांगत नाही

प्रीलोड म्हणजे सस्पेन्शनची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. मागे जोडीदार, दोन पॅनियर आणि टॉप बॉक्स. मागचा भाग खाली बसतो, नाक वर येतं आणि पुढचं रडार आकाशाकडे बघू लागतं. हिशोब करून पाहा. चाकांमधलं अंतर १,५०० मिमी धरलं आणि मागची बाजू हवी त्यापेक्षा ५० मिमी जास्त बसली, तर गाडी सुमारे दोन अंश कलते. दोन अंशांनी १०० मीटरवर नजर साडेतीन मीटर वर जाते, म्हणजे कारच्या टपाच्याही वर. झोत उभा थोडा पसरलेला असतो, त्यामुळे कार पूर्ण हरवत नाही. पण ती उशिरा सापडते आणि मधूनच सुटते.

उपाय साधा आहे. गाडी मेनस्टँडवर उभी करून मागचं चाक अधांतरी ठेवा आणि मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत अंतर मोजा. मग स्टँड काढून, दोघांनी बसून, सामान लादून तेच अंतर पुन्हा मोजा. टेप धरायला तिसरा माणूस लागेल. फरक सस्पेन्शनच्या एकूण प्रवासाच्या (ते जास्तीत जास्त जेवढं दबतं त्या अंतराच्या) साधारण एक तृतीयांश असावा. प्रवास २०० मिमी असेल, तर ६० ते ६५ मिमी. जास्त आला तर प्रीलोड वाढवा. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल, तर मेनूत ‘दोघे आणि सामान’ हे चित्र निवडा. काही गाड्या हे आपोआप करतात, तरी एकदा बघा. हवा थंड टायरमध्ये भरा, आकडा गाडीच्या पुस्तकातला. पंपवाल्याच्या अंदाजातला नको.

आधी चाचणी

रविवारी पहाटे, पोहे-जिलबीची गर्दी सुरू व्हायच्या आत, इंदूरचा रुंद सुपर कॉरिडॉर रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. मित्राला कार घेऊन बोलवा. त्याने सरळ ५० चा वेग धरायचा. तुम्ही मागून क्रूझ ६० वर आणि अंतर सर्वांत मोठ्या पायरीवर ठेवा. स्क्रीनवर कारचं चिन्ह उमटलं पाहिजे आणि गाडी झटका न देता मंदावली पाहिजे. बोटं ब्रेकवरच असू द्या.

मग मित्राने तुमच्यापेक्षा दहा-पंधराने जास्त वेगात उजवीकडून पुढे जायचं. कार आरशातून नाहीशी होण्याआधी दिवा पेटतो का ते पाहा. हेच डावीकडूनही करा. आपल्याकडे डावीकडून कट मारणारे कमी नाहीत, म्हणून ही बाजू सोडू नका. सामान लादल्यावर दोन्ही चाचण्या पुन्हा. दुपारच्या उन्हात आरशातला दिवा फिका दिसतो. मेनूत त्याची चमक वाढवता येत असेल तर वाढवून ठेवा.

मांडूच्या वाटेवर

इंदूरहून मांडूला जाताना राऊ सोडून महू मागे पडलं की मानपूरपर्यंत ए.बी. रोड (आग्रा-मुंबई महामार्ग) चारपदरी आहे. क्रूझ वापरण्यासारखा तेवढाच तुकडा. ९० च्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ५० मीटर. एवढी मोकळी जागा दिसली की कोणीतरी घुसतोच, गाडी मंदावते, मागे बसलेल्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. वैतागून अंतर सर्वांत कमी पायरीवर आणू नका. वेग ७५-८० वर आणा, घुसखोरीचा त्रास तेवढ्याने सोसण्याजोगा होतो. क्रूझ वेग कमी करतं, गिअर नाही; स्वयंचलित गिअर नसेल तर इंजिन धडधडण्याआधी तुम्हीच खाली पाडा.

आता मुख्य गोष्ट. रडारला थांबलेली वस्तू दिसत नाही असं नाही; ती दिसते आणि मुद्दाम सोडली जाते. डिव्हायडर, खांब, पाट्या, पूल हे सगळं थांबलेलंच असतं. त्या प्रत्येकाला ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही. म्हणून क्रूझ प्रामुख्याने त्याच दिशेने चालणाऱ्या वाहनांचा पाठलाग करतं. परिणाम असा, की रस्त्याच्या कडेला टायर बदलत उभा असलेला ट्रक, लेनमध्ये बसलेली गाय आणि राँग साइडने येणारा स्कूटरवाला या तिघांपैकी एकासाठीही क्रूझवर भरवसा ठेवता येत नाही. हळू चालणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही असंच: तुम्ही ९० वर, ती २० वर, फरक ७० चा. शंभर मीटर पाच सेकंदांत संपतात आणि क्रूझचा ब्रेक मवाळ असतो. समोरची कार अचानक लेन बदलून अशी ट्रॉली उघडी पाडते, तेव्हा हाताने ब्रेक मारण्याला पर्याय नाही.

मानपूरच्या पुढे उतार लागला की क्रूझ बंद. गुजरीकडे उतरणारा गणेश घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे मागचं रडार चालू ठेवा, आरसाही बघा. वळणावर पुढच्या रडारचं वेगळंच दुखणं असतं: गाडी कलते, झोत तिच्याबरोबर वळतो, समोरची कार झोतातून निसटते आणि रस्ता मोकळा समजून क्रूझ ठरवलेल्या वेगाकडे धावू पाहतं. गाडीचा कल ओळखणारा सेन्सर हे वेग घेणं आवरतो. पूर्ण थांबवेलच असं धरू नका. गुजरीवरून मांडूकडे वळल्यावर रस्ता अरुंद आहे, तिथे क्रूझचा विचारही नको.

काही गाड्यांत इंडिकेटर दिला की क्रूझ ओव्हरटेकसाठी आधीच वेग घेतं. दुपदरी रस्त्यावर ट्रकमागे डोकावायला उजवा इंडिकेटर देणाऱ्याला हे महाग पडेल. मेनूत ते बंद करा. चार-पाच जणांनी डावी-उजवी रांग धरून जायचं असेल तरी क्रूझ नको. रडार कधी तिरक्या रांगेतल्या शेजाऱ्याला पकडतं, कधी त्याच्या पुढच्याला. आणि पावसाळी धुक्यात रडारला दिसतं म्हणून तुम्हाला दिसत नसताना वेग टिकवणं हा शुद्ध वेडेपणा.

मांडूत पार्किंगमध्ये उभी गाडी आडवी पडली, तर ओरखडे नंतर मोजा. आधी रडारचा कंस (रडार गाडीला धरून ठेवणारी पट्टी) हाताने हलवून बघा, झाकणाला तडा आहे का पाहा. एक अंशाचा फरक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कंसाचे बोल्ट स्वतः सैल करून ‘सरळ’ करू नका. दिशा जुळवायला सर्व्हिस सेंटरचं यंत्र लागतं. तोवर चेतावणीचा दिवा पेटलेला असो वा नसो, क्रूझ बंद ठेवून परत या.